दिवाळीचा किल्ला: राजगड मापात करायचा आहे, जागा १० बाय ८ फूट

सोसायटीचा_गडकरी

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. त्यातले ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. त्यामुळे सोसायटीत या वेळी 'कुठलातरी किल्ला' नको, ओळखू येईल असा राजगड करायचं ठरलंय. नेहमीचा प्रकार माहीत आहेच: विटांचा ढीग, त्यावर चिखल, चार बुरूज, माथ्यावर महाराज. तसा नको.

जागा १० फूट लांब, ८ फूट रुंद, फरशी, वर छप्पर नाही. हाताशी आठवीपर्यंतची बारा-तेरा मुलं आणि तीन मोठे. वसुबारसेआधी १० दिवस मिळतील.

प्रश्न:
१. माप कसं धरायचं?
२. माती कुठली, किती? दरवेळी भेगा पडतात.
३. संजीवनी माचीची (माची म्हणजे बालेकिल्ल्याखालची तटबंदी असलेली सोंड) दुहेरी तटबंदी एवढ्या लहान आकारात दाखवता येईल का?
४. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) वापरावं का?

---

पाणसळ

चौथ्याचं उत्तर आधी: नको. पीओपीवर अळीव रुजत नाही, चूक झाली तर खरवडून दुरुस्ती होत नाही आणि दिवाळीनंतर राडारोडा उचलायला माणूस शोधावा लागतो. माती पुढच्या वर्षी परत वापरता येते.

आता माप. सुवेळा माचीच्या टोकापासून संजीवनीच्या टोकापर्यंतचं सरळ अंतर गूगल अर्थवर पट्टी लावून स्वतः मोजा. ते ३ किलोमीटरच्या आत बसलं, तर १:१५०० हे प्रमाण तुमच्या जागेला चपखल आहे. ३ किमी म्हणजे २ मीटर. तुमची लांबी ३ मीटरच्या थोडी वर, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर उतारासाठी उरतो. हा उतार लोक विसरतात. गड काठापर्यंत नेतात आणि मग डोंगराच्या जागी भिंत उभी राहते.

या प्रमाणात ३०० मीटर म्हणजे बरोबर २० सेंटिमीटर. फरशीवर खडूने २० सेंमीचे चौकोन आखा, नकाशावर ३०० मीटरचे. मुलांना एकेक चौकोन वाटून द्या आणि त्यातली बाह्यरेषा उतरवायला सांगा. तासाभरात आराखडा फरशीवर येतो.

उंचीसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. त्यात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या अंतराने असतात. १:१५०० ने २० मीटर म्हणजे १.३ सेंमी. पण किल्ला आपण उभ्याने, वरून बघतो, त्यामुळे खऱ्या प्रमाणातला डोंगर चपटा दिसतो. उभी उंची दीडपट करा. मग २० मीटरला २ सेंमी, १०० मीटरला १० सेंमी असा तोंडी हिशेब होतो. पायथ्यापासून बालेकिल्ल्यापर्यंत ६०० मीटर धरले तर ६० सेंमी, म्हणजे दोन फूट. दीडपटीच्या वर जाऊ नका. दुप्पट केलं की माच्या सुळक्यांसारख्या दिसायला लागतात आणि राजगडाची ओळखच जाते. बालेकिल्ला मध्ये आणि तीन बाजूंना पसरलेल्या माच्या, हाच तर त्याचा चेहरा.

---

तिरकस

आणि त्या २ फुटी डोंगरावर ३ इंची मावळा उभा करणार ना? १:१५०० ने तो ११४ मीटर उंच होतो. शत्रूची फौज नुसती बघून पळेल.

---

सोसायटीचा_गडकरी

@तिरकस, ही अडचण आहेच. मुलांकडे मावळ्यांची अख्खी पेटी आहे, ती न लावून चालणार नाही. काय करायचं?

---

पाणसळ

मावळे डोंगरावर नकोत, पायथ्याशी. पुढची दोन फुटांची पट्टी मोकळी ठेवा आणि तिथे वेगळा देखावा मांडा: छावणी, बैलगाडी, बाजार, घोडदळ. मधे झाडांची एक ओळ लावली की डोळा दोन्ही मापं वेगवेगळी वाचतो. डोंगरावर एकही माणूस ठेवू नका. त्या मापात माणूस जेमतेम १ मिलिमीटरचा होतो.

तटबंदीचं मात्र खरं प्रमाण सोडावंच लागेल. ६ मीटरचा तट ४ मिलिमीटरचा होईल, चार पावलांवरून दिसणार नाही. तट, बुरूज, दरवाजे, देवळं सगळं एकाच पटीत वाढवा, तिप्पट ठीक. म्हणजे तट साधारण १२ मिमी. एक दरवाजा तिप्पट आणि दुसरा सहापट असं झालं की खेळण्यातलं दिसतं.

---

मातीमळ

मातीवर लिहितो. भेगांचं कारण बहुतेक वेळा एकच: काळी माती. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात काय होतं ते आठवा, तेच किल्ल्यावर होतं. तांबडी माती घ्या.

मिश्रण घमेल्याच्या मापाने: चाळलेली तांबडी माती ४, बारीक वाळू १, सुक्या शेणाचा भुगा किंवा भाताचं तूस अर्धं. तूस आणि शेण मातीला धरून ठेवतात, वाळू आकसणं कमी करते. आदल्या रात्री भिजवून, गोणपाटाने झाकून ठेवा. सकाळी पायाने तुडवा. लाडू वळून कमरेएवढ्या उंचीवरून टाका: पसरला तर पाणी जास्त, फुटून विखुरला तर कमी, बसका होऊन एकसंध राहिला तर बरोबर.

किती लागेल? उतारासकट पृष्ठभाग साधारण ७५ चौरस फूट धरा, थर सरासरी दीड इंच. म्हणजे सव्वानऊ-साडेनऊ घनफूट, घमेल्यात २४-२५. सांडलवंड धरून ३० घमेली आणा.

आतला सांगाडा: विटा १२० ते १५०, शिवाय डबर, जुन्या रंगाच्या बादल्या पालथ्या घालून. संपूर्ण भरीव ढीग करू नका, पोकळ ठेवा. विटा आडव्या, सांधे चुकवून रचा. उभी वीट हमखास सरकते, आणि ती सरकली की वरची माची भेगाळते. मग लोक मातीला नावं ठेवतात.

त्यावर गोणपाट. शिवण उसवून उघडलेलं एक गोणपाट साधारण १३ चौरस फूट होतं, तुम्हाला ८-९ लागतील. कोरडं अंथरू नका! आधी मातीच्या पातळ राबडीत बुडवून, पिळून, मग टाका. कोरडं गोणपाट वरच्या थरातलं पाणी शोषून घेतं आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. गोणपाटं एकमेकांवर चार बोटं चढवा.

थर दोन. पहिला अर्ध्या इंचाचा, बोटांनी दाबून गोणपाटात घुसवलेला. तो चामड्यासारखा झाला की, म्हणजे नख रुततं पण बोटाला चिकटत नाही तेव्हा, दुसरा इंचभर. पहिला पूर्ण वाळू दिलात तर दुसरा धरणार नाही. तेवढ्यात वाळलाच, तर पाणी मारून खरखरीत करून घ्या.

---

अर्धीवीट

फरशीवर थेट विटा ठेवू नका. खाली जाड प्लास्टिक, कडा दोन इंच वर वळवलेल्या, आणि एका कोपऱ्यात पाणी जायला फट. नाहीतर रोज फवारलेलं पाणी लाल होऊन पार्किंगभर पसरतं आणि सेक्रेटरी पुढच्या वर्षी परवानगी देत नाहीत. परतीचा पाऊस असतोच, तेव्हा ताडपत्री बांबूवर ताणून, एका बाजूला उतार देऊन बांधा. थेट किल्ल्यावर टाकलेली ताडपत्री वाऱ्याने हलते आणि सगळे बुरूज एका रात्रीत घासून नेते.

---

पाणसळ

@मातीमळ, उत्तम. एक भर घालतो, कारण इथेच बहुतेक मातीचे डोंगर फसतात.

सह्याद्रीचा डोंगर गोल नसतो. लाव्हाचे थर एकावर एक आडवे बसलेले: कडा, मग उताराची गवताळ पट्टी, परत कडा. हे आडवे पट्टे सगळ्या डोंगरभर एकाच पातळीत फिरतात. सुवेळेच्या कड्यातला पट्टा दरी ओलांडून समोरच्या सोंडेवर त्याच उंचीला दिसतो. हे साधलं की मातीचा ढिगारा सह्याद्रीतला वाटायला लागतो.

करायचं असं: दुसरा थर ओला असताना पारदर्शक नळीची पाणसळ घ्या. नळीत पाणी भरून दोन्ही टोकं धरली की पातळी मिळते. १० सेंमी, २० सेंमी, ३० सेंमी अशा उंचीवर काड्या टोचून खुणा करा. मग खुणेच्या वर माती करणीने उभी कापा, खाली सौम्य उतार ठेवा. कापलेल्या भागावर चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद दाबून उचला, कातळाचा खडबडीतपणा आपोआप येतो. थापीने गुळगुळीत केलेला कडा म्हणजे भिंत.

रंग: कोळशाची पूड आणि राख पाण्यात कालवून फक्त कड्यांवर, तेही फडक्याने टिपून. ऑइलपेंट नको, त्याखाली माती वाळत नाही आणि दोन दिवसांत पापुद्रे सुटतात.

---

अळीववाली

हिरवळीबद्दल. उतारावर अळीवच, मोहरी सपाटीवर. कारण सोपं आहे: अळीव भिजलं की त्याला बुळबुळीत चिकट आवरण येतं आणि दाणा उभ्या उतारालाही चिकटून बसतो. मोहरी गडगडत खाली येते, मग दरीत जंगल आणि माथ्यावर टक्कल. गहू अजिबात नको, पाच-सहा इंच वाढतो आणि बालेकिल्ला झाकून टाकतो.

७५ चौरस फुटांपैकी कडे, तट, वाटा वगळून साधारण ४० चौरस फुटांवर हिरवळ येईल. २५० ग्रॅम अळीव पुरून उरतं. १५-२० मिनिटं भिजवा, जास्त नको, गोळा होतो. बोटांनी पातळ सारवल्यासारखं पसरा, दाण्याशेजारी दाणा, ढीग नको. दाट पडलं तर खालून हवा लागत नाही, पांढरी बुरशी येते आणि अख्खा पट्टा कुजून निघतो. मग दुरुस्ती एकच, तेवढा भाग खरवडून नवीन पेरणे.

पहिले दोन दिवस ओल्या मलमलच्या फडक्याने झाका. कबुतरं आणि मुंग्या दोन्हींपासून वाचतं. पाणी फक्त फवाऱ्याच्या बाटलीने, सकाळ-संध्याकाळ. मगने ओतलेलं पाणी ओघळ पाडतं.

वेळ बघा: दोन-तीन दिवसांत मोड, पाच-सहा दिवसांत इंचभर. आठव्या-नवव्या दिवसानंतर माना टाकतं. म्हणजे वसुबारसेच्या चार दिवस आधी पेरा, त्याआधी नको. १० दिवस मिळालेत म्हणून दुसऱ्याच दिवशी पेरलंत, तर लक्ष्मीपूजनाला पिवळं गवत.

---

परदेशी_मावळा

जर्मनीतून विचारतो. इथे ऑक्टोबरात बाहेर ८-१० अंश, आणि बाल्कनी तीन फुटांची. तांबडी माती मिळत नाही, कुंडीची माती चालेल का?

---

अळीववाली

कुंडीच्या मातीत पालापाचोळा आणि पीटच जास्त, उतारावर थांबत नाही, पाण्यावर तरंगते. कलासाहित्याच्या दुकानातली कुंभारकामाची माती घ्या आणि वाळू मिसळा. आकार लहान आहे, १० किलोत काम होईल. अळीव तुमच्याकडे क्रेसे नावाने किराणा दुकानातसुद्धा असतं. थंडीत बाहेर उगवायला फार वेळ लावतं, म्हणून घरात खिडकीशी ओल्या कापसाच्या पातळ थरावर उगवून घ्या आणि तयार गालिचा कात्रीने कापून डोंगरावर चिकटवा.

---

बखरबहाद्दर

माती-पाणी झालं, आता इतिहासाचं. धाग्यात लिहिलंय 'माथ्यावर महाराज नको', पण शेवटी कोणीतरी सिंहासन आणून ठेवणारच. राज्याभिषेक ६ जून १६७४ ला रायगडावर झाला. राजगडावर सिंहासन, छत्र, अष्टप्रधान मांडणं चूक आहे. राजगड त्याआधीची राजधानी. डोंगराचं आधीचं नाव मुरुंबदेव. राजाराम महाराजांचा जन्म याच गडावर, १६७०. सईबाईंचा मृत्यू १६५९, त्यांची समाधी पद्मावती माचीवर.

आधी काळ ठरवा, मग काय दाखवायचं ते. १६६५ च्या आसपासचा गड दाखवत असाल तर सईबाईंची समाधी चालेल, सिंहासन नाही. बालेकिल्ल्याच्या वाटेवरचे लोखंडी कठडे हे आजचे, ते वगळा.

हीच चूक इतर किल्ल्यांतही होते. प्रतापगडावर अश्वारूढ पुतळा ठेवतात, त्याचं अनावरण १९५७ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. रायगडावर राज्याभिषेक आणि महाराजांची समाधी एकाच देखाव्यात मांडतात. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ ला सुरू झालं, आतलं शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांच्या काळातलं. आज जसा आहे तसा किल्ला दाखवायचा असेल तर हे सगळं चालेल, पण मग पाटीवर तसं लिहा.

---

तिरकस

म्हणजे मुलांनी सिंहासनावरचे महाराज कपाटात ठेवायचे? लहान मुलांचा उत्सव आहे हो, पीएचडीचा व्हायवा नाही.

---

बखरबहाद्दर

कपाटात नको. खालच्या पट्टीत, छावणीत, घोड्यावरचे महाराज ठेवा. बहुतेक पेट्यांत तीही मूर्ती असते.

---

पाणसळ

आता संजीवनी. तिसरा प्रश्न मागे राहिला, आणि खरी मजा तिथेच आहे.

माची तीन टप्प्यांत उतरत जाते. म्हणजे एकच लांब धार नाही, तीन पायऱ्या. प्रत्येक पायरीचं टोक वेगळं दिसलं पाहिजे, म्हणून सांगाड्यातच विटांच्या पातळीत फरक ठेवा, नंतर मातीने करायला गेलात तर जमत नाही. तटाला बाहेरून दुसरा तट आणि दोन्हींच्या मधे खोल अरुंद जागा. बुरुजांनाही तसंच, आतला बुरूज आणि बाहेरून त्याला वेढणारी भिंत, म्हणून चिलखती. बाहेरचा तट तोफेने पडला तरी आतला शाबूत.

करण्याची पद्धत:

शाडू माती लाटण्याने ३ मिमी जाड लाटा, खाली ओलं फडकं. पट्टीने १२ मिमी रुंद पट्ट्या कापा. आतल्या तटाची पट्टी १५ मिमी ठेवा, बाहेरची १२, म्हणजे समोरून बघताना मागची डोकावते. माचीच्या कडेला करणीच्या टोकाने उथळ खाच पाडा, खाचेत राबडी, त्यात पट्टी बसवा. खाच न पाडता नुसती चिकटवलेली पट्टी वाळली की धनुष्यासारखी वाकून सुटते. दोन तटांच्या मधे साधी गोल पेन्सिल आडवी ठेवा, साधारण ७ मिमीची फट राहते. शाडू घट्ट होईपर्यंत पेन्सिल काढायची नाही, पण अधूनमधून फिरवत राहा, नाहीतर चिकटते. वळणावर पेन्सिल चालत नाही, तिथे दोरी वापरा.

चिलखती बुरुजासाठी दोन टोपणं: औषधाच्या बाटलीचं लहान आणि पाण्याच्या बाटलीचं मोठं. लहानाभोवती एक पट्टी गुंडाळा, मोठ्याभोवती दुसरी, टोपणं काढा, एकात एक ठेवा. टोपणाला आधी तेलाचं बोट लावा. सगळं सावलीत वाळवा. उन्हात पट्टीची वरची कड आधी आकसते आणि दर दोन इंचांवर चीर.

पट्टीवर दगडी चिऱ्यांच्या रेघा मारायच्या असतील तर लाटल्यावर लगेच, बसवल्यावर नाही.

---

सोसायटीचा_गडकरी

हे जमेल असं वाटतंय. सुवेळेवरचं नेढं (कातळातलं आरपार भोक) कसं करायचं? बोटाने भोक पाडलं की वरचा भाग बसतो.

---

मातीमळ

ओल्या डोंगरात भोक पाडायचंच नाही. तो कातळ, हत्तीप्रस्तर, वेगळा बनवा. प्लास्टिकची जुनी बांगडी तुमच्या मापाला मोठी पडेल, झाकणाची कडी किंवा पीव्हीसी नळीचा सेंटिमीटरभर तुकडा घ्या. त्याला सुतळी गुंडाळा म्हणजे माती धरेल. त्याभोवती शाडूचा कातळ रचा, दोन दिवस वाळू द्या आणि मग खालून दोन काड्या खुपसून माचीवर रोवा. आरपार आकाश दिसायला हवं, म्हणून मागे झाड किंवा तट येऊ देऊ नका. आणि नळीची कड दिसता कामा नये, दोन्हीकडून बोटाने माती आत वळवा.

---

अर्धीवीट

पद्मावती तळ्यासाठी: आरसा नको, ऊन परावर्तित होऊन शेजारचं अळीव करपतं. उथळ स्टीलचं झाकण मातीत कडेपर्यंत पुरा, तळाला राख फासा, पाणी भरा. कारंजं, धबधबा, पंप यांच्या भानगडीत पडू नका. पाणी गोणपाटाखाली शिरतं आणि तिसऱ्या दिवशी अख्खी माची घसरते, तेही पाहुणे आलेले असताना.

दिवे: पणती हिरवळीपासून वीतभर लांब, सांडलेल्या तेलाखाली काही उगवत नाही. विजेची माळ ओल्या मातीत पुरू नका, सांधे तर मुळीच नाहीत. बॅटरीवरच्या बारीक दिव्यांची माळ पुरते.

---

परदेशी_मावळा

भगव्याबरोबर तिरंगाही लावायचा विचार आहे, इथल्या शाळेत मांडणार आहे म्हणून. चालेल?

---

बखरबहाद्दर

भगवा बालेकिल्ल्यावर, दोन टोकांचा. ३ इंची खराट्याच्या हिरावर इंचभराचं कापड, त्याहून मोठं नको, तुम्ही बुरूजही लहानच करणार. तिरंगा १७ व्या शतकातल्या गडावर नको. शाळेत ठेवायचा तर किल्ल्याच्या बाहेर, स्वतंत्र काठीवर. प्रमाण ३:२, मातीला किंवा पाण्याला टेकता कामा नये, आणि दुसरा कुठला ध्वज त्याच्यापेक्षा उंच नको. कागदी असेल तर नंतर कचऱ्यात टाकू नका.

---

सोसायटीचा_गडकरी

सांगाडा उभा राहिला, पहिला थर झाला. एक गोंधळ दिसतोय: बालेकिल्ला आखलेल्या जागेपासून जवळपास १२ सेंमी सुवेळेकडे सरकलाय. विटा रचताना खडूच्या रेघा पुसल्या गेल्या. काढून परत रचावं लागेल का?

---

पाणसळ

१२ सेंमी म्हणजे खऱ्या जागेत १८० मीटर. डोळ्याला कळेल, कारण सुवेळा आखूड आणि संजीवनी जास्तच लांब दिसेल. पण सगळं पाडू नका. बालेकिल्ल्याचा माथा तेवढा काढा, साधारण वरच्या तीन थरांच्या विटा. खालचा भाग राहू द्या. संजीवनीच्या बाजूला दोन विटा आडव्या पुढे काढा, त्याखाली डबर ठासून भरा, आणि माथा त्यावर परत रचा. सुवेळेकडे जी मोकळी पायरी उरेल तिला चोळीएवढं गोणपाट लावून उतार द्या. पहिला थर ओला असेल तर आजच करा, उद्या जोड दिसेल.

आणि रेघा खडूने नाही, गेरूच्या पाण्याने काढायच्या. हे आधीच सांगायला हवं होतं.

---

सोसायटीचा_गडकरी

झालं. जोडावर राबडी मारून गोणपाट चढवलंय. पेरणी परवा.